डोमेन कंट्रोलर, लिनक्स, एनव्हीआर, हजेरी मशीन: चौघांची वेळ चार तऱ्हांची. एनटीपी नीट कशी बसवावी?

मांजलपूर_आयटी

नमस्कार मंडळी. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका युनिटचं नेटवर्क माझ्याकडे आहे. सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) एकसारखी करायची आहेत. मांडणी अशी:

एका फिजिकल सर्व्हरवर हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. त्यावर दोन व्हीएम (आभासी मशीन): विंडोज डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे ऑफिसमधली लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि फाइल सर्व्हर. दुसऱ्या फिजिकल मशीनवर अल्मालिनक्स ९, त्यावर प्रॉडक्शनचा डेटाबेस. ५५ विंडोज पीसी, सगळे डोमेनमध्ये. चार बायोमेट्रिक हजेरी मशीन, ३२ कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग करणारं यंत्र). राउटरवर दोन ब्रॉडबँड लाइन, दोन्हींवर लोड बॅलन्सिंग.

मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं तर डीसी ३ मिनिटं ४० सेकंद पुढे आहे आणि पीसी त्याच्या मागोमाग. लिनक्सची वेळ डीसीशी जुळावी म्हणून हाताने लावलेली आहे, म्हणजे तोही तेवढाच पुढे. एनव्हीआर दोन मिनिटं मागे. हजेरी मशीनचं तर प्रत्येकाचं वेगळं. गेटवरचा कॅमेरा आणि हजेरीची नोंद यांत पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो आणि ओव्हरटाइमचा हिशोब करताना वाद होतात.

डीसीची वेळ हाताने दुरुस्त केली की थोड्या वेळात पुन्हा जुन्या चुकीवर येते. लिनक्सवर क्रॉनी (एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्राम) लावून डीसीचा आयपी दिला, तर तो डीसीला सोर्स म्हणून निवडतच नाही. रीच (उत्तरं येतात का याचा आकडा) ३७७, म्हणजे पूर्ण, दिसतो, पण पुढे चांदणी (निवडल्याची खूण) येत नाही.

विचारायचं ते असं. मुख्य घड्याळ कोणाला करावं? डीसी मागे का फिरतो? डेटाबेस चालू असताना वेळ ३ मिनिटं ४० सेकंद मागे घेतली तर काय बिघडेल? सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या) नियमाप्रमाणे प्रत्येक पीसी सरकारी सर्व्हरला जोडावा लागतो का? दिवाळीला युनिट बंद होईल ते थेट लाभपाचमेला (दिवाळीनंतरच्या पंचमीला) उघडेल, त्याआधी हे लावून टाकायचं आहे.

रावपुरा_सिस्टम

दादा, आधी डीसीचं बघू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघालाय. डीसीवर ही कमांड द्या: डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या). उत्तरात ‘व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर’ असं आलं, तर समजा की डीसी आपल्या हायपर-व्ही होस्टकडून वेळ घेतोय. तो होस्ट तुमच्याच डोमेनचा सभासद असेल, म्हणजे तो डीसीकडून वेळ घेतो. दोघं एकमेकांना विचारतात, बाहेर कोणीच विचारत नाही. तुम्ही एकाला हाताने दुरुस्त केलं की दुसरा त्याला ओढून परत नेतो.

उपाय: हायपर-व्ही मॅनेजरमध्ये त्या डीसी व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन सर्व्हिसेस उघडा आणि टाइम सिंक्रोनायझेशनची खूण काढा. फक्त डीसीची. फाइल सर्व्हरची राहिली तरी हरकत नाही. होस्टला मात्र डीसीच्या भरवशावर ठेवू नका, त्याला थेट खालच्या लिनक्स सर्व्हरचा पत्ता द्या. व्हीएम सुरू होताना पहिली वेळ होस्टकडूनच मिळते. होस्ट चुकला तर डीसी चुकीच्या वेळेवरच जागा होईल.

आता क्रॉनी डीसीला का नाकारतो ते. विंडोजची टाइम सर्व्हिस स्वतःच्या घड्याळावर चालत असेल तर ती उत्तरात रूट डिस्पर्शन साधारण १० सेकंद सांगते. त्याचा अर्थ ‘माझी वेळ इतकी चुकलेली असू शकते’. क्रॉनीची मॅक्सडिस्टन्सची मर्यादा मुळात ३ सेकंद. त्यापेक्षा जास्त अनिश्चित सोर्स तो वापरत नाही. काही जण मॅक्सडिस्टन्स १६ करून क्रॉनीला गप्प बसवतात. तसं अजिबात करू नका. क्रॉनीचा नकार बरोबर आहे, डीसीची वेळ खरोखरच विश्वासाची नाही.

म्हणून दिशा उलटी करा. लिनक्सने बाहेरून वेळ घ्यावी, डीसीने लिनक्सकडून, पीसींनी डीसीकडून. अल्मालिनक्समध्ये ईटीसी फोल्डरमधल्या क्रॉनी.कॉन्फमध्ये डीसीची ओळ काढून एवढं ठेवा:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
सर्व्हर इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट
ड्रिफ्टफाइल (आधीपासून असलेली ओळ तशीच)
मेकस्टेप १.० ३
आरटीसीसिंक
अलाउ १९२.१६८.१०.०/२४

सोर्स चार का? एकच असेल तर तो सांगेल ते खरं. दोन असतील आणि त्यांचं पटलं नाही तर खोटा कोण हे ठरवताच येत नाही. तीन असतील तर दोघं मिळून तिसऱ्याला खोटं ठरवतात. चौथा अशासाठी की तिघांतला एक बंद पडला तरी तीन उरावेत. गूगलचा टाइम सर्व्हर यांच्यात मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला मध्येच घातलेला सेकंद) आला की तो एक सेकंद २४ तासांवर पसरवतो, बाकीचे तसं करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी यादीतच दोन तट पडतात. ३१ डिसेंबर २०१६ नंतर लीप सेकंद आलेला नाही, पण नियम अजून रद्द झालेला नाही.

मेकस्टेप १.० ३ चा अर्थ असा: क्रॉनी सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक १ सेकंदाहून जास्त असेल तर घड्याळ एकदम उडी मारेल. त्यानंतर कधीही उडी नाही, फक्त हळूहळू सरकणं. डेटाबेसच्या मशीनवर हेच हवं. आरटीसीसिंकमुळे कर्नल दर ११ मिनिटांनी मदरबोर्डवरचं घड्याळही बरोबर करतं.

फायरवॉल विसरू नका: फायरवॉल-सीएमडी --परमनंट --ॲड-सर्व्हिस=एनटीपी, मग --रीलोड. ‘अलाउ’ लिहूनही पीसींना उत्तर मिळत नाही याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं. एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालतं, टीसीपी उघडून उपयोग नाही.

डीसीवर, म्हणजे ज्याच्याकडे पीडीसी एम्युलेटरचा (डोमेनमध्ये वेळेचा मुख्य असण्याचा) रोल आहे त्याच्यावर (नेटडॉम क्वेरी एफएसएमओ दिलं की कळेल):

डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"१९२.१६८.१०.५,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /रिलायबल:येस /अपडेट

मग नेट स्टॉप डब्ल्यू३२टाइम, नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम. पीसींवर काही लिहायची गरज नाही, ते डोमेनच्या उतरंडीने आपोआप डीसीकडून घेतात. आधी कोणी पीसींवर हाताने सर्व्हर भरले असतील तर तिथे /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:डॉमहायर /अपडेट द्या.

एक इशारा. कर्बेरॉसला (डोमेनच्या लॉगिन-पडताळणीला) मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. पीसी डीसीच्या मागोमाग असल्यामुळे लॉगिन चालू आहेत, आणि तुमचा फरक ३:४० आहे म्हणून आत्ता डीसी दुरुस्त केला तरी ते चालतील. हा फरक आणखी दीड मिनिट वाढू दिलात आणि मग एकट्या डीसीची वेळ दुरुस्त केलीत, तर सकाळी अख्खं ऑफिस लॉगिनवर अडकेल. आत्ताच करा.

वारसिया_८६

एवढं कशाला? लिनक्सवर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) दर तासाला एनटीपीडेट (वेळ एकदा लावणारी कमांड) ठेवा, झालं. विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये रिसिंक.

रावपुरा_सिस्टम

क्रॉन आणि एनटीपीडेटने घड्याळ दर तासाला खेचलं जातं, पण त्याची चाल तशीच चुकीची राहते. क्रॉनी चाल मोजतो. तुमचा क्रिस्टल (घड्याळाचा ठोका देणारा) दिवसाला दीड सेकंद पळतो हे त्याला कळलं की तो कर्नलला तेवढी कायमची सूट देतो, मग नेट दोन तास बंद असलं तरी घड्याळ फारसं हलत नाही. शिवाय एनटीपीडेटला एकच सर्व्हर दिला आणि नेमका तोच चुकला, तर तो मुकाट्याने चुकीची वेळ लावतो. फरक अर्ध्या सेकंदाहून जास्त असेल तर तो सरळ उडी मारतो, मागेसुद्धा. डेटाबेस चालू असताना मागची उडी म्हणजे दोन वेगळ्या नोंदींवर एकच वेळ, किंवा नंतरची नोंद आधीची दिसणं. हजेरी आणि बॅच रेकॉर्डच्या ठिकाणी हे चालणार नाही.

सुरसागर_डीबीए

डेटाबेसच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो भाग घाईत केला तर नंतर निस्तरता येत नाही.

२२० सेकंद मागे जायचे दोन मार्ग. एक, सरकवत नेणं. क्रॉनीचा मॅक्सस्ल्यूरेट मुळात ८३३३३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), म्हणजे घड्याळ साधारण ८ टक्के हळू चालतं आणि २२० सेकंदांना ४४ मिनिटं लागतात. वेळ मागे जात नाही, पण त्या पाऊण तासात प्रत्येक सेकंद लांबलेला असतो. मशीनवरून सायकल टाइम मोजणारं सॉफ्टवेअर असेल तर त्या काळाचे आकडे ८ टक्क्यांनी चुकतील. (एनटीपीडी या क्रॉनीआधीच्या प्रोग्रामने सरकवलं असतं तर ५०० पीपीएमच्या मर्यादेमुळे पाच दिवसांहून जास्त लागले असते.)

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे, सुट्टीच्या दिवशी करायचा. ॲप्लिकेशन बंद करा, डेटाबेस बंद करा, बॅकअप घ्या. शेवटच्या नोंदीची वेळ कागदावर लिहून ठेवा, समजा ११:०७:१५. मग क्रॉनीसी मेकस्टेप (क्रॉनीला लगेच उडी मारायला लावणारी कमांड). घड्याळ ११:०३:३५ च्या आसपास येईल. आता काही न करता थांबा. घड्याळ ११:०७:१५ च्या पुढे जाऊ द्या, वर एक मिनिट जास्तीचं, आणि मगच डेटाबेस सुरू करा. एकही वेळ दोनदा वापरली जात नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण थांबायला कोणी तयार नसतं.

मेकस्टेपच्या आधी क्रॉनीसी ट्रॅकिंगमध्ये ‘सिस्टम टाइम’ची ओळ बघा. तिथे २२० च्या आसपास आकडा आणि ‘फास्ट’ असं दिसलं पाहिजे. ‘स्लो’ दिसलं किंवा आकडा हजारांत असला तर थांबा, कुठेतरी टाइमझोनची चूक आहे. १९८०० सेकंदांचा फरक दिसला तर तो साडेपाच तासांचा, म्हणजे कोणीतरी भारतीय वेळ यूटीसी समजून लावली आहे. टाइमडेटसीटीएल मध्ये झोन आशिया/कोलकाता आणि ‘आरटीसी इन लोकल टीझेड: नो’ असायला हवं.

आणि नवीन कॉन्फिगसह क्रॉनीचा पहिला स्टार्ट डेटाबेस बंद असतानाच करा. मेकस्टेप १.० ३ पहिल्या तीन दुरुस्त्यांतच उडी मारतो, म्हणजे सर्व्हिस चालू केल्या केल्या काही सेकंदांत २२० सेकंद मागे गेलेले असतील, तुम्हाला विचारणार नाही. वरची तपासणी आधी करायची तर ती ओळ तेवढ्यापुरती बंद ठेवा.

खंडेराव_नेट

सर्ट-इनबद्दल. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरला, किंवा त्यांच्यापर्यंत माग जाणाऱ्या सर्व्हरला जोडा असं म्हटलं आहे. प्रत्येक पीसीने थेट दिल्लीला विचारावं असा अर्थ नाही. लिनक्स एनआयसी-एनपीएलकडून, डीसी लिनक्सकडून, पीसी डीसीकडून, ही साखळी चालते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, आणि वेळेचं कलम त्याच्याशीच जोडलेलं आहे. फायरवॉल, डीसी आणि कॅमेरा यांच्या नोंदी एका ओळीत लावता आल्या नाहीत तर १८० दिवसांच्या लॉगचा उपयोग नाही. म्हणून राउटर-फायरवॉलचं स्वतःचं घड्याळही लिनक्सला जोडा. ते बहुतेक ठिकाणी राहून जातं.

फायरवॉलवर नियम: बाहेर जाणारं यूडीपी १२३ फक्त वेळेच्या सर्व्हरच्या आयपीवरून. बाकी सगळ्यांचं बंद. बाहेरून आत येणारं १२३ अजिबात उघडू नका, पोर्ट फॉरवर्ड तर नाहीच. २०१३-१४ मध्ये जुन्या एनटीपीडीच्या मॉनलिस्ट कमांडचा वापर करून मोठे डीडॉस (ट्रॅफिकचा पूर पाडणारे) हल्ले झाले, ते असेच उघडे राहिलेले सर्व्हर वापरून. क्रॉनीत मॉनलिस्ट नाही, पण एनव्हीआर किंवा जुन्या राउटरच्या पोटात काय आहे हे कोणी बघत नाही.

मांजलपूर_आयटी

सगळ्यांचे आभार. सोर्सची कमांड दिली, ‘व्हीएम आयसी’च निघालं. खूण काढली. डेटाबेस अजून हलवलेला नाही, सुट्टीच्या दिवशी सुरसागर काकांच्या पद्धतीने करतो. तोवर एका जुन्या डेस्कटॉपवर अल्मा टाकून त्याच कॉन्फिगने चाचणी घेतोय. क्रॉनीसी सोर्सेस काय दाखवतो ते बघा:

चार सोर्सपैकी एकावर चांदणी, दोनांवर अधिक (चालण्याजोगा), एकावर प्रश्नचिन्ह (वापरता न येणारा). पण कोणाचाच रीच ३७७ पर्यंत जात नाही. तिघांचा कधी २५२, कधी १२५, पुन्हा २५२. चौथ्याचा अर्ध्या तासापासून ०.

आणि रावपुरा दादा, दोन सोर्स वाईट म्हणालात. डीसीला लिनक्सचा एकच पत्ता दिला तर तो पडल्यावर काय? दोन दिले तर तुमच्याच नियमात बसत नाही.

खंडेराव_नेट

२५२ आणि १२५ हे आकडे फार बोलके आहेत. रीच हा शेवटच्या आठ विचारणांचा आठ बिटांचा हिशोब आहे, आठच्या पायाने लिहिलेला. ३७७ म्हणजे ११११११११, आठही उत्तरं आली. २५२ म्हणजे १०१०१०१०, आणि १२५ म्हणजे ०१०१०१०१. दर दुसरी विचारणा हरवतेय. नेट खराब असतं तर ३५७, २७३ असे वेडेवाकडे आकडे आले असते. इतकी नेमकी एकाआड एक पडझड लोड बॅलन्सिंगमुळे होते.

क्रॉनी प्रत्येक विचारणा नव्या सोर्स पोर्टवरून करतो. राउटरला ते दर वेळी नवं सेशन दिसतं, म्हणून तो एक पहिल्या लाइनवर टाकतो, पुढचं दुसऱ्या लाइनवर. त्यातली एक लाइन यूडीपी १२३ गिळतेय. वर सांगितलेल्या हल्ल्यांनंतर काही पुरवठादारांनी १२३ वर गाळणी लावली आहे, त्यामुळे यात आश्चर्य नाही.

खात्री करून घ्या. पहिली लाइन काढा, दुसरी ठेवा, मग: क्रॉनीडी -क्यू (मोठा क्यू) -टी १० आणि अवतरणात "सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट". मोठा क्यू फक्त फरक छापतो, घड्याळाला हात लावत नाही. दहा सेकंदांत आकडा आला तर लाइन ठीक. मग लाइन बदलून पुन्हा.

नंतर राउटरवर पॉलिसी रूट: वेळेच्या सर्व्हरच्या आयपीवरून निघणारं यूडीपी १२३ कायम चांगल्या लाइनने, ती पडली तरच दुसरीने. लोड बॅलन्सिंगच्या नियमाच्या वर ठेवा, खाली ठेवलं तर लागूच होणार नाही.

चौथ्याचा ० वेगळा. तिघांचं एकाआड एक पोचतंय आणि याचं एकही नाही, तर आधी नाव सुटतंय का बघा: क्रॉनीसी ॲक्टिव्हिटी, शेवटच्या ओळीत ‘अननोन ॲड्रेस’ किती ते. तिथे ० असेल तर पत्ता मिळालाय पण उत्तर नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ अर्धवट चालू असेल तर हे घडतं, नाव व्ही६ पत्त्यावर सुटतं आणि पॅकेट बाहेर पडत नाही. क्रॉनीसी सोर्सेसला -एन जोडा, पत्त्यात विसर्गासारखे दोन-दोन ठिपके दिसले तर हेच. क्रॉनीडीला -४ देऊन सुरू करा.

रावपुरा_सिस्टम

दोन पत्त्यांचा प्रश्न योग्य आहे. बाहेरचे चार सोर्स एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून तिथे मतदान लागतं. आतले दोन लिनक्स सर्व्हर आधीच प्रत्येकी चौघांचं मत घेऊन बसलेत, तेव्हा डीसीला पुन्हा मतदान करायला लावू नका, एक मुख्य आणि एक राखीव द्या. विंडोजमध्ये राखीवसाठी वेगळा ध्वज आहे: ०एक्स२. त्यात क्लायंट मोडचा ०एक्स८ मिळवला की ०एक्सए. म्हणून यादी अशी: "१९२.१६८.१०.५,०एक्स८ १९२.१६८.१०.६,०एक्सए". मध्ये फक्त मोकळी जागा.

तो जुना डेस्कटॉप चाचणीनंतर काढू नका, तोच राखीव. हायपर-व्हीवर तिसरी व्हीएम करण्यापेक्षा तो बरा. रास्पबेरी पाय ४ घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आली की तो जुन्या वेळेवर उठतो. डेस्कटॉपमध्ये निदान सीआर२०३२ (घड्याळाची बटण-बॅटरी) तरी असते. ती नवीन टाका.

नेट पूर्ण बंद असताना आतल्या आत सगळे एकाच वेळेवर राहावेत म्हणून दोन्ही लिनक्सवर ‘लोकल स्ट्रॅटम १० ऑर्फन’ लिहा आणि दोघांच्या यादीत एकमेकांचा पत्ता घाला. मग बाहेरचं सगळं बंद पडल्यावर दोघांपैकी एकच पुढारी होतो आणि दुसरा त्याच्या मागे जातो. नुसतं ‘लोकल’ लिहिलं, ऑर्फन न लिहिता, तर दोघंही आपापल्या वेळेवर चालत हळूहळू दूर जातील.

अलकापुरी_सीसीटीव्ही

एनव्हीआरचं राहिलंच. तुमचा एनव्हीआर मागे आहे, म्हणजे वेळ पुढे उडेल आणि टाइमलाइनवर दोन मिनिटांची रिकामी जागा दिसेल. त्यात रेकॉर्डिंग गेलेलं नसतं, फक्त वेळेची उडी असते. बदलाची तारीख-वेळ रजिस्टरमध्ये लिहून सही घ्या, पुढे कोणी फुटेज मागितलं तर उपयोगी पडेल. पुढे असलेला एनव्हीआर मागे आणला की तेवढ्याच वेळेची दोन रेकॉर्डिंग होतात, आणि काही मॉडेलमध्ये शोधताना एकच सापडतं.

सेटिंग: एनटीपी चालू, पत्ता लिनक्सचा आयपी (नाव नको, कॅमेऱ्यांच्या नेटवर्कला बहुधा डीएनएस नसतो), पोर्ट १२३, अंतर ६० मिनिटं, झोन जीएमटी+०५:३०, डीएसटी बंद. कॅमेरे एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टवर असतील तर ते एनव्हीआरकडूनच घेतील. वेगळ्या स्विचवर असतील तर प्रत्येकाला एकच मालक द्या: एनव्हीआर किंवा एनटीपी. दोन्ही चालू ठेवले की स्क्रीनवरचं घड्याळ पुढे-मागे नाचतं. वेगळं व्हीलॅन असेल तर त्याचा सबनेटही क्रॉनीच्या ‘अलाउ’मध्ये हवा.

हजेरी मशीनमध्ये एनटीपी असेलच असं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये हजेरीचं सॉफ्टवेअर ज्या पीसीवर आहे तो पीसी मशीनमध्ये वेळ ढकलतो. तसं असेल तर तो पीसी डोमेनच्या वेळेवर आला की काम झालं, पण ‘सिंक डिव्हाइस टाइम’ रोजचं शेड्यूल करा. पहिल्यांदा करताना शिफ्ट बदलायच्या वेळी करू नका.

मांजलपूर_आयटी

एक लाइन खरोखरच १२३ गिळत होती. पॉलिसी रूट लावला, आता चौघंही ३७७. चौथा व्ही६ चाच निघाला. डेटाबेस पाच मिनिटं थांबवून मागे आणला, नोंदी तपासल्या, एकही वेळ दोनदा नाही. डीसी आणि पीसी जुळले. तीन पीसी अडून बसले होते, डब्ल्यू३२टीएम /रिसिंक /रीडिस्कव्हरने आले.

लिनक्सचं ट्रॅकिंग: सिस्टम टाइम ०.०००४ सेकंद, फ्रीक्वेन्सी १८.४ पीपीएम फास्ट, स्क्यू ०.०६, रूट डिले ०.०३४, रूट डिस्पर्शन ०.००१६. पण रोज रात्री दहाच्या पुढे लास्ट ऑफसेट वाढतो, २० मिलिसेकंदांपर्यंत, आणि दिवसा पुन्हा खाली. काळजीचं आहे का? आणि लाभपाचमेला सुरू करताना क्रम काय ठेवू?

रावपुरा_सिस्टम

रात्री क्लाउडवर बॅकअप चढत असेल. एनटीपी चार वेळा नोंदवतो: विचारणा निघाली, सर्व्हरला पोचली, सर्व्हरकडून उत्तर निघालं, परत पोचलं. त्यावरून फरक काढताना गृहीत असतं की जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. जाताना ३० आणि येताना ३० मिलिसेकंद असले तर हिशोब बिनचूक. बॅकअपने अपलोड तुंबलं आणि जाताना ७०, येताना ३० झाले, तर एकूण १०० दिसतात आणि फरकात २० मिलिसेकंदांची चूक शिरते. दोन्हींतल्या तफावतीच्या निम्मी. तुमचे २० तिथलेच असावेत. राउटरवर बॅकअपच्या अपलोडला लाइनच्या ८० टक्क्यांची मर्यादा घाला, किंवा १२३ ला क्यूमध्ये वरचा क्रम द्या. क्रॉनी स्वतःही जास्त डिले असलेल्या नमुन्यांना कमी वजन देतो, त्यामुळे घड्याळ तितकं हललेलं नसतं. बघायचा आकडा आरएमएस ऑफसेट, एकटा लास्ट ऑफसेट नव्हे.

चुकीची कमाल मर्यादा अशी काढा: सिस्टम टाइम, अधिक रूट डिस्पर्शन, अधिक रूट डिलेचा निम्मा. तुमचं ०.४ + १.६ + १७, म्हणजे १९ मिलिसेकंद. हजेरी, कॅमेरे, कर्बेरॉस यांच्यासाठी भरपूर झालं. १८.४ पीपीएम म्हणजे हा क्रिस्टल दिवसाला सुमारे १.६ सेकंद पळतो आणि क्रॉनी ते भरून काढतोय. हा आकडा उन्हाळ्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की एक-दोन पीपीएमने हलेल, त्यात काही नाही. अचानक ४०-५० ने हलला तर मदरबोर्ड किंवा सोर्स बघा.

सुट्टीनंतरचा क्रम: मोडेम, राउटर, स्विच. मग दोन्ही लिनक्स. इथे एक खोच आहे. लिनक्सचा डीएनएस डीसीकडे असेल तर डीसी बंद असताना एनआयसीचं नावच सुटणार नाही. लिनक्सवर दुसरा डीएनएस म्हणून राउटर द्या. मग क्रॉनीसी वेटसिंक ६० ०.१ चालवा, ते दर दहा सेकंदांनी, साठ वेळा, फरक ०.१ सेकंदाच्या आत आलाय का बघतं आणि आला की सुटतं. ते सुटल्यावर हायपर-व्ही होस्ट, मग डीसी, मग बाकीचे. डेटाबेस सर्व्हिस वेळेआधी उठू नये म्हणून क्रॉनी-वेट सर्व्हिस एनेबल करा आणि डेटाबेसच्या युनिट फाइलला ‘आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट’ची ओळ ओव्हरराइडमधून जोडा.

आठ दिवस बंद राहिलेला पीसी चांगल्या बॅटरीवर साधारण १०-१५ सेकंद चुकतो, ते आपोआप दुरुस्त होतं. जो पीसी काही वर्षं मागच्या तारखेवर उठेल त्याची सीआर२०३२ गेली आहे. लॉगिन होणार नाही, ब्राउझर सगळ्या सर्टिफिकेटवर ओरडेल. बायोसमध्ये तारीख लावून बॅटरी त्याच दिवशी बदला. ५५ पीसी आहेत, सुट्टीआधी चार-पाच सेल आणून ठेवा.

सुरसागर_डीबीए

एक भर. वेटसिंक साठही वेळा अपयशी ठरला, म्हणजे नेटच आलं नाही, तरी मदरबोर्डचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाच-दहा सेकंदांत असेल तर डेटाबेस सुरू करायला हरकत नाही. क्रॉनी-वेट सर्व्हिस बूटमध्ये तीन मिनिटं थांबेल आणि मग अपयशी म्हणून स्वतःच सुटेल. आणि नंतर नेट आल्यावर मेकस्टेप देऊ नका. १५ सेकंद क्रॉनी स्वतः तीन-एक मिनिटांत सरकवून घेईल. अट एकच, क्रॉनीच्या पहिल्या तीन दुरुस्त्या तेव्हा झालेल्या नसतात, म्हणून त्या दिवशी कॉन्फिगमधली मेकस्टेपची ओळ आधी बंद करून क्रॉनी रीस्टार्ट करा, काम झालं की परत चालू.